सतरावा प्रश्न

माणूस आजारी पडला की सगळ्यात आधी त्याचं तोंड बंद होतं, असं माझं नऊ वर्षांचं निरीक्षण आहे. आजारामुळे नव्हे, नातेवाइकांमुळे.

मिरजेच्या एका कर्करोग रुग्णालयात, किरणोपचार विभागाच्या बाहेरच्या खोलीत माझी खुर्ची होती. खुर्चीपुढे टेबल, टेबलावर टॅब आणि टॅबमध्ये एक्केचाळीस प्रश्न. माझ्या पदाचं नाव 'पसंती नोंदणी अधिकारी'. ऐकणाऱ्याला मी लग्नं जुळवते असं वाटायचं. प्रत्यक्षात मी लोकांना विचारायची की जगायचं झालं तर काय काय गेलेलं चालेल.

प्रश्न रुग्णालाच विचारायचे, हा नियम. त्यासाठी टॅब सुरुवातीला रुग्णाचा चेहरा बघतो आणि शेवटी पुन्हा एकदा बघतो. मधल्या वेळात खुर्चीवर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, हे पहिल्या महिन्यातच साऱ्या जिल्ह्याला कळलं. मग रीतच पडली. रुग्णाला मागच्या फाटकाने आणायचं, कारण पुढच्या फाटकावर रुग्णालयाची पाटी आहे आणि पाटीवर तो शब्द आहे. त्याला सांगितलेलं असतं, साधी गाठ आहे, शेक द्यायचाय. चेहरा दाखवून झाला की, "तुम्ही बसा बाहेर, चहा घ्या, कागदपत्रांचं आम्ही बघतो." आणि खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसतं.

हे दुसरं कुणीतरी ओळखायला मला पुढे पुढे नाव विचारावं लागेना. पुण्याहून आलेला मुलगा नऊ मिनिटांत एक्केचाळीस प्रश्न संपवतो आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते मलाच विचारतो. सून विचारते, "बाकीचे काय लिहितात हो?" नवरा म्हणतो, "तिचं काय वेगळं असायचंय, लिहा तुम्हीच." मुली तेविसाव्या, आवाज जाण्याच्या प्रश्नाला रडतात आणि डोळे पुसून तेच उत्तर देतात जे पुण्याच्या मुलाने दिलेलं असतं. जीव वाचू दे, बाकी काही नको. चव? एक. बोलणं? दोन. ऐकू येणं? एक. दहापैकी. दुसऱ्याची जीभ सोडून द्यायला माणसाला फारसा वेळ लागत नाही.

शेवटी एक ओळ असते, 'वरील उत्तरे रुग्णाने स्वतः दिली आहेत', आणि खाली माझी सही. अशा सहा हजार दोनशे चौदा सह्या मी केल्या. सुरुवातीला हटकायची. एकदा एका मुलाने माझ्यासमोर हात जोडले, म्हणाला, कळलं तर बाबा रात्रीत खचतील. त्यानंतर हटकणं सोडलं. त्याऐवजी ड्रॉवरमध्ये एक लांबडी वही ठेवली. तीन रकाने : फॉर्मचा क्रमांक, कोण बोललं, किती मिनिटं. सहा हजारांत 'स्वतः' असा शब्द आठशे अकरा वेळा आलाय. ही वही मी कुणाला दाखवली नव्हती. खोटं लिहिलं त्याच हाताने खरंही कुठेतरी लिहिलं की जेवण जातं, एवढाच तिचा उपयोग.

आता हे प्रश्न कशासाठी, ते सांगायला हवं.

किरण गाठीला मारतात आणि वाटेत जे भेटेल त्यालाही भाजतात. घशातल्या गाठीच्या आजूबाजूला दाटीच फार. कानाखाली लाळेच्या ग्रंथी, मागे मणका, पुढे स्वरयंत्र, वर जबडा. थंडीत अपुरं पांघरूण घेऊन झोपल्यासारखा हा प्रकार आहे. गळ्यापर्यंत ओढलं की पाय उघडे पडतात. गाठीच्या कडेच्या पेशींवर पुरेसे किरण टाकले तर लाळग्रंथी जळते. ग्रंथी वाचवायची तर कडेला एखादी पेशी जगून राहायची भीती. पूर्वी डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ मिळून आठवडाभर ही ओढाताण करत आणि त्यातून एक आराखडा काढत.

'समतोल' नावाची संगणक प्रणाली आली आणि आठवड्याची सहा मिनिटं झाली. ती चार हजार आराखडे बनवते. देशभरातल्या लाखो जुन्या रुग्णांचं पुढे काय झालं हे तिने शिकून घेतलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक आराखड्यापुढे ती सांगते, गाठ परत न येण्याची शक्यता इतकी, तोंड कायमचं कोरडं पडण्याची इतकी, आवाज जाण्याची इतकी. पण यातला सगळ्यात चांगला कोणता, हे तिला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. मुनीमाला आवाज गेलेला चालेल, कीर्तनकाराला नाही. म्हणून एक्केचाळीस प्रश्न.

इथवर सरळ आहे. पुढचा भाग मला नऊ वर्षं माहीतच नव्हता. म्हणजे प्रशिक्षणात सांगितला होता, पण त्या दिवशी जेवणानंतरचा तास होता.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या दादाच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली.

दादा म्हणजे रावसाहेब आवटी. जयसिंगपूर रस्त्याला त्याची भडंगाची भट्टी आहे. चुरमुरे, तेल, लसूण, मिरची, शेंगदाणे, कढीपत्ता. एवढ्यावर त्याने चाळीस वर्षं काढली. प्रत्येक घाणा उतरला की तो चिमूटभर तोंडात टाकतो, डोळे मिटतो आणि एकच शब्द बोलतो. 'जाऊ दे' म्हणाला तर घाणा पिशव्यांत जातो. 'थांब' म्हणाला तर कामगार थांबतात. घरातही तो याहून फार बोलतो असं नाही. उरलेलं वहिनी बोलते.

तपासणीचा निकाल वहिनीने आधी मला दाखवला, मग घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवला. म्हणाली, त्यांना काही सांगायचं नाही. शेक म्हणायचं. तू तिथलीच आहेस, तुझ्या हाताखालचं काम आहे, तूच काय ते भर. मी तिला सांगू शकले असते की मी वही ठेवते, की 'बहीण' हा शब्द त्या वहीत दोनशे सहा वेळा आहे आणि प्रत्येक वेळी लिहिताना मी मनात नाक मुरडलंय. दादाला मागच्या फाटकाने आणला, चेहरा दाखवला, बाहेर चहाला बसवला.

सतरावा प्रश्न असा आहे : 'कोरडे, कुरकुरीत पदार्थ खाता न येणे तुम्हाला किती जड जाईल?'

मी एक लिहिला. अकरा मिनिटं लागली. पुण्याच्या मुलांपेक्षा दोन जास्त, तेवढीच माझी माया. मग सही केली आणि ड्रॉवर उघडून वहीत 'बहीण' लिहिलं. दोनशे सात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अल्ताफ मुजावरांनी आत बोलावलं. हे आमचे किरणोपचार तज्ज्ञ. त्यांचं वय अठ्ठेचाळीस, पण दुपारी चारनंतर ते साठीचे दिसतात. पडद्यावर दोन आराखडे होते. पहिल्यात पाच वर्षांत गाठ परत न येण्याची शक्यता शंभरात चौऱ्याऐंशी, तोंड कायमचं कोरडं राहण्याची एकाहत्तर. दुसऱ्यात एक्क्याऐंशी आणि चोवीस. समतोलने पहिला निवडला होता.

"तुमच्या भावाचं म्हणून दाखवतोय," ते म्हणाले. "एरवी मी समतोलची हिरवी खूण बघतो आणि सही करतो. आठवड्याला चौदा असतात, वर रोजचे शंभर रुग्ण."

मी दोन्ही आकड्यांकडे बघत राहिले. तीन एका बाजूला, सत्तेचाळीस दुसऱ्या. भडंग म्हणजे सगळाच कोरडा कारभार. लाळ नसेल तर तो घास तोंडात वाळूसारखा फिरतो. हे मला काल माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

मी म्हटलं, नुसतं चाचणी म्हणून सतराव्याला दहा टाकून बघू या का. त्यांनी टाकले. आकडे जरासे हलले आणि आराखडा पहिलाच राहिला. चवीचे, लाळेचे, जेवणाचे सगळे प्रश्न दहावर नेले. तरी पहिलाच. खाली बारीक अक्षरात एक ओळ उमटली : 'उत्तरे या भागातील समान रुग्णांच्या पसंतीशी विसंगत. वजन कमी धरले.'

"म्हणजे काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि समजावून सांगितलं. घाबरलेल्या माणसाने एका दुपारी दिलेल्या उत्तरावर किती विसंबायचं? म्हणून समतोल एकट्याचं ऐकत नाही. त्याच वयाच्या, त्याच आजाराच्या, त्याच भागातल्या लोकांनी आधी काय सांगितलं ते बघते आणि एकट्याचं उत्तर त्या गर्दीकडे थोडं ओढून घेते. गर्दी जितकी एकमुखी, तितकी ओढ जास्त. पद्धत चुकीची नाही. बहुतेक ठिकाणी तिने माणसांना त्यांच्याच घाईपासून वाचवलंय.

"आणि आपली गर्दी फारच एकमुखी आहे," ते म्हणाले. "सांगली-मिरजेच्या लोकांना चवीचं काही नाही, असं तिचं मत झालंय. मला नवल वाटायचं. भडंगाच्या मुलखातल्या लोकांना?"

मला नवल वाटलं नाही. ती गर्दी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पाच हजार चारशे तीन मुलगे, सुना, नवरे, बहिणी. सगळ्यांनी प्रेमाने एक-एक लिहिला होता आणि मी प्रत्येकाखाली सही केली होती. यंत्राला कुणी फसवलं नव्हतं. ते आपलं मन लावून शिकलं होतं, आम्ही शिकवलं तेच.

दुसरा आराखडा डॉक्टरला निवडता येतो का, मी विचारलं. येतो, म्हणाले, कारण द्यावं लागतं. 'रुग्णाची इच्छा' हे कारण चालतं. पण रुग्णाची इच्छा इथे आधीच नोंदलेली आहे. एक. खाली तुमची सही आहे. ती नोंद रद्द करायची तर का रद्द करायची ते लेखी लागेल. आणि नवी उत्तरं दिली तरी गर्दी ओढणारच, तेव्हा गर्दी खोटी आहे हेही कुणीतरी दाखवावं लागेल.

ते माझ्याकडे बघत होते. वहीचं त्यांना माहीत नव्हतं. पण नऊ वर्षांत त्या खोलीबाहेर चहा पीत बसलेले रुग्ण त्यांनीही पाहिलेच होते.

"एका सहीबद्दल लिहिलंत तर बाकीच्या सह्यांबद्दल विचारतील, मॅडम," ते म्हणाले. "विचार करा. सोमवारी शेकासाठी त्यांच्या चेहऱ्याचा मुखवटा बनवायचाय."

शनिवारी दुपारी मी भट्टीवर गेले. घाणा नुकताच उतरला होता, लसणाचा वास रस्त्यापर्यंत आला होता. दादा खाटेवर बसून पिशव्यांना गाठी मारत होता. गिळताना दुखतं म्हणून दोन आठवडे तो चिमूट जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा, पण ठेवायचा. वहिनी घरात होती. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तो शब्द येईपर्यंत पोहोचले आणि अडले.

"कॅन्सर," दादा म्हणाला. "म्हण की. मागच्या फाटकानं नेलंत तवाच कळलं."

"कसं?"

"आईला मीच नेली नव्हती व्हय तिकडनं?"

मी आईचं विसरले नव्हते, पण ते फाटक विसरले होते. समतोल यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. आईलाही गालात गाठ होती, आईलाही शेक होता. नंतर ती चार वर्षं जगली आणि चारही वर्षं पेजेवर. दिवाळीला चकलीचा तुकडा पाण्यात बुडवून तोंडात धरायची आणि पदराआड काढून टाकायची. आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो. चार वर्षं मिळाली म्हणून दादाचं गावाने कौतुक केलं होतं.

मी त्याला दोन्ही आराखडे आणि सतरावा प्रश्न सांगितला. चौऱ्याऐंशी-एकाहत्तर, एक्क्याऐंशी-चोवीस. तो घाणे मोजणारा माणूस आहे, आकडा त्याला दोनदा सांगावा लागत नाही. बराच वेळ गाठी मारत राहिला. मग म्हणाला, "त्यात तू काय लिव्हलंस?"

"एक."

"दहातला?"

"दहातला."

त्याने पिशवी खाली ठेवली. आजाराचं ऐकून त्याचा चेहरा हलला नव्हता, तो आता हलला.

"चाळीस वर्षं माझं भडंग खातीस, बबे. आणि एक?"

मी म्हटलं, तू जगावास म्हणून. तो म्हणाला, ते कळलं. आईच्या वेळी मीबी तेच म्हटलं होतं. तिला कुणी विचारलं न्हाई. कुणी म्हंजे मीच.

वहिनी दारात कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. ती ओरडली नाही. तीन माणसं शंभरातली, एवढंच म्हणाली. ती तीन कोण असतील ते तुझा कॉम्प्युटर सांगतो का? सांगत नाही, मी म्हटलं. मग कशाला आलीस, म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

सोमवारी दादा पुढच्या फाटकाने आला. पाटी त्याने उभं राहून पूर्ण वाचली, देणगीदारांच्या नावांसकट. मग माझ्यासमोर बसला. दोन तास चाळीस मिनिटं. पुण्याचे सतरा मुलगे त्यात उरकले असते. काही प्रश्नांवर हसला. अमुक न जमणं 'किती जड जाईल' याला तो आधी विचारायचा, "कुणाला? मला का हिला?" बोलणं जाण्याला त्याने तीन दिले. म्हणाला, घरात तसंही काम पडत न्हाई. जगण्याबद्दलच्या प्रश्नांना भरभरून दिले, नऊ, दहा, दहा. सतराव्यालाही दहाच. शेवटच्या रकान्यात, 'आणखी काही', त्याने मला लिहायला सांगितलं : तीन टक्क्यांचं मला समजलेलं आहे, बहिणीला त्रास देऊ नये.

सही करायच्या जागी मी सही केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती ओळ मी सहीआधी वाचली. मग ड्रॉवर उघडला आणि वही, तीन रकान्यांसकट, जुनी नोंद रद्द करण्याच्या अर्जाला जोडून डॉक्टर मुजावरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चार पानं उलटली. "मिनिटंसुद्धा लिहिलीत," म्हणाले आणि दुसऱ्या आराखड्यावर सही केली.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. चौकशी झाली. समितीतले लोक सभ्य होते. मीच पुरावा आणि मीच आरोपी असल्यामुळे त्यांची बसण्याच्या जागेवरून पंचाईत व्हायची. आमच्या भागाची सगळी पसंती-माहिती समतोलमधून काढली गेली आणि मलाही काढलं गेलं. प्रणाली सुधारली म्हणे. आता पहिलाच प्रश्न असतो, 'आत्ता उत्तर कोण देत आहे?' माझ्या जागी आलेली मुलगी परवा बाजारात भेटली. मी विचारलं, काय लिहितात लोक? म्हणाली, सगळे 'रुग्ण स्वतः' लिहितात, मॅडम. मी विचारलं, तू काय करतेस? ती जरा घुटमळली आणि म्हणाली, मी एक वही केली आहे.

दादाचे पस्तीस शेक झाले. जाळीच्या मुखवट्याखाली त्याचं डोकं टेबलाला जखडायचे तेव्हा मी काचेबाहेर उभी असायची, वहिनी दुसऱ्या काचेबाहेर. तोंड आतून सोलवटलं, बारा किलो वजन गेलं. तीन महिने तोही पेजेवर होता आणि वहिनी पेजेची वाटी माझ्यासमोरून अशी न्यायची की जणू ती मीच रांधली आहे. पहिली तपासणी स्वच्छ आली. पुढची सहा महिन्यांनी, मग परत सहा महिन्यांनी. पाच वर्षं तीन टक्के घरात राहायला आल्यासारखे राहणार आहेत. ते कुठे बसतात, कुठे झोपतात, वहिनीला सगळं माहीत असतं.

नोकरी गेल्यापासून मी दुपारी भट्टीवर जाते. दादाला उभं राहवत नाही, म्हणून घाण्याला मी असते आणि तो खाटेवरून बघतो. अकरा महिने त्याने चिमूट तोंडात टाकली नव्हती. विचारायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या गुरुवारी घाणा उतरला आणि त्याने हात पुढे केला. मी चिमूटभर दिलं. त्याने जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. पूर्वी एका श्वासाचं काम होतं. आता तो थांबून राहिला. जबडा हळू हलत होता, थांबत होता, परत हलत होता. पाण्याचा तांब्या उशाशीच होता, त्याला त्याने हात लावला नाही. कामगार थांबले. वहिनी दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली.

दादाने गिळलं.

"लसूण जळलाय," तो म्हणाला.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, अकरा महिन्यांत पहिल्यांदा सरळ.

"तूच टाकलास ना?" ती म्हणाली.